समुद्र दूर, वारा मात्र दारात

३ जून २०२० च्या दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. ताशी १०० ते ११० किलोमीटरचा वारा आणि मधूनच १२० चे झोत. त्या दिवशी साऱ्या देशाचे डोळे मुंबईकडे लागले होते. मुंबई थोडक्यात वाचली. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, मंडणगड आणि दापोली वाचले नाहीत. पिढ्यान् पिढ्या उभ्या असलेल्या नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत झोपल्या, कौले उडाली, विजेचे खांब वाकले आणि कित्येक गावे पुढचे अनेक आठवडे अंधारात राहिली. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर एवढे तीव्र वादळ १८९१ नंतर प्रथमच आले होते.

किनारा ओलांडल्यावर वादळाने ईशान्येची वाट धरली. त्या वाटेवर आधी पुणे आणि नाशिक-नगरचा पट्टा लागतो, पुढे खान्देशाची कड आणि विदर्भ. हवामान खात्याच्या इशाऱ्यात धुळे, नंदुरबार आणि जळगाव ही नावे होती. समुद्र न पाहिलेल्या गावांतून त्या दिवशी दवंडीसारखे निरोप फिरले. पत्र्यांवर दगड ठेवा, गुरे झाडाखाली बांधू नका, पंपाचा वीजपुरवठा बंद करा, असे ते निरोप होते.

रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा या तालुक्यांत त्या आठवड्यात काय उभे होते, हे कळल्याशिवाय त्या रात्रीचा जीव मुठीत धरण्याचा अर्थ कळणार नाही. जळगाव जिल्ह्यात केळीखाली पन्नास हजार हेक्टरच्या आसपास क्षेत्र असते. त्याचा मोठा वाटा मृगबागेचा. जून-जुलैत लावलेली ही बाग फेब्रुवारी-मार्चपासून निसवते, म्हणजे घड बाहेर टाकू लागते, आणि मे, जून, जुलैत कापणीला येते. म्हणजे ३ जूनला शेतकऱ्याचा वर्षाचा सगळा खर्च झाडावर लटकत होता. त्या वर्षी तर भर लॉकडाऊनमध्ये उत्तरेकडच्या बाजारांची वाट अडलेली होती, एप्रिलपासून भाव कोसळले होते आणि जळगाव जिल्हा कोरोनाच्या मृत्युदरामुळे देशभरच्या बातम्यांत होता. भाव आज ना उद्या चढेल म्हणून घड झाडावर राखून ठेवलेले, आणि हवामान खाते सांगत होते की वादळ येते आहे.

ते वादळ म्हणून आले नाही. सह्याद्री चढताना त्याचा जोर मोडला, संध्याकाळपर्यंत त्याची तीव्रता उतरली आणि ४ जूनच्या सकाळी ते पश्चिम विदर्भावर विरत चालले होते. खान्देशाला पाऊस मिळाला आणि वाऱ्याचे झोत मिळाले. नुकसान अजिबात झाले नाही असे नाही, पण कोकणाने जे भोगले त्याच्या जवळपासही ते नव्हते. शेतकऱ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि कापणी सुरू केली.

या लेखाचा विषय ही सुटका आहे. आणि ज्या वाऱ्यातून खान्देशाची सुटका होत नाही तोही.

* * *

खान्देश समुद्रापासून लांब आहे, ही समजूत नकाशावरून बरोबर असली तरी वाऱ्याच्या दृष्टीने अपुरी आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधून पश्चिमेला वाहत जाणारी तापी. खोऱ्याचे तोंड सुरतेकडे, खंबातच्या आखाताकडे उघडे. धुळ्यापासून किनारा सव्वादोनशे किलोमीटरच्या आत. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा या खोऱ्यात शिरतो तेव्हा तो किती जोराचा असतो, हे पाहायला साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर जावे. तिथे पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे, सव्वापाचशे मेगावॉटच्या आसपास क्षमतेची. धुळे जिल्ह्याने वाऱ्याला कामाला लावले आहे. शंभर-दीडशे किलोमीटर पूर्वेला वारा बागा पाडतो.

दोन्ही समुद्र खान्देशाला पोचतात. बंगालच्या उपसागरात उठलेले कमी दाबाचे पट्टे जुलै-ऑगस्टमध्ये मध्य भारत ओलांडत नर्मदा-तापीच्या खोऱ्यांवर येतात आणि तापीला पूर आणतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरत बुडाले ते वर तापीच्या पाणलोटात झालेल्या पावसामुळे. अरबी समुद्राकडून येणारा धोका आजवर कमी मानला जाई, कारण तिथे चक्रीवादळे थोडी. ते चित्र बदलते आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आधीच्या दोन दशकांशी तुलना करून दाखवले की, २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्राचे पाणी तापते आहे आणि वादळे जास्त दिवस जोर धरून राहत आहेत.

त्याच वर्षी 'तौक्ते' आले. मे २०२१ चा मध्य. निसर्गपेक्षा कितीतरी मोठे हे वादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्याला समांतर चालत उत्तरेला गेले आणि १७ मेच्या रात्री दीव-उना भागात जमिनीवर शिरले. मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-३०५' हा बार्ज बुडून सत्तरहून अधिक कामगार दगावले. ती बातमी सगळ्यांना आठवते. आदल्या दिवशी, १६ मेला, जळगाव जिल्ह्यात अमळनेर तालुक्यात वाऱ्याने उन्मळलेले झाड एका झोपडीवर पडले आणि आत असलेल्या दोन बहिणी जागीच गेल्या. ही बातमी खान्देशाबाहेर किती जणांना आठवत असेल? समुद्रापासून इतक्या दूर, ज्या वादळाने किनारासुद्धा ओलांडलेला नव्हता त्याने दोन मुली नेल्या. वादळ कुठे जमिनीवर येणार एवढेच आपण विचारतो. त्याच्या पदराखाली कोणाची झोपडी आहे, हे विचारत नाही.

* * *

नाव असलेले वादळ निदान काही दिवस आधी कळते. खान्देशाला दरवर्षी पाडणारा वारा बिननावाचा असतो आणि तासभर आधीही कळत नाही.

मे महिन्याच्या अखेरीस भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर असतो. जमीन तापून हवा वर चढते, दुपारनंतर सातपुड्याच्या बाजूला ढग उभे राहू लागतात. ढगाखालची हवा कोरडी असल्याने वरून सुटलेला पाऊस वाटेतच वाफ होऊन जातो. ही वाफ होताना हवा गार होते, जड होते आणि ढगाखालून धाडकन जमिनीवर कोसळते. जमिनीला लागून ती चहूकडे फाकते. दोन-चार किलोमीटर रुंदीचा पट्टा आणि दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. आधी धुळीचा लोट दिसतो, मग पत्रे वाजतात, मग थोडा पाऊस, क्वचित गारा. ऊन पुन्हा पडते तेव्हा या बांधाची बाग उभी असते आणि पलीकडची आडवी झालेली असते. 'बाग आडवी झाली' एवढेच लोक म्हणतात. त्यात सगळे येते.

केळीच इतकी का पडते? कारण केळीचे खोड हे खोड नव्हेच. एकावर एक घट्ट बसलेल्या पानांच्या देठांची ती गुंडाळी असते, आणि तिच्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद, आणि त्याची मुळे बहुतेक वरच्या फूट-दीड फूट मातीतच पसरलेली. अशा झाडाच्या डोक्यावर दीड-दोन मीटर लांबीची पाने शिडासारखी ताणलेली आणि एका अंगाला वीस-पंचवीस किलोचा घड. झाडाने स्वतःपुरता एक उपाय करून ठेवला आहे. वारा वाढला की पान मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत शिरांच्या रेषेत फाटत जाते, चिंध्या होतात, आणि वाऱ्याला वाट मिळते. रोजच्या वाऱ्याला हा उपाय पुरतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, तिथे चिंध्यांचे काही चालत नाही.

यात गेल्या तीस वर्षांच्या शेतीचाही भाग आहे. पूर्वी जळगावात बसराई ही बुटकी जात होती, शिवाय श्रीमंती आणि महालक्ष्मी. नव्वदच्या दशकात जैन इरिगेशनने ऊतिसंवर्धित 'ग्रँड नैन' रोपे आणली, ठिबक आले, अठरा महिन्यांची बाग बारा महिन्यांवर आली, घडाचे वजन वाढले. या केळीने खान्देशाचे घर भरले यात शंका नाही. २०१६ मध्ये 'जळगाव केळी'ला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२१ च्या जूनमध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली. पण झाड उंच झाले, डोके जड झाले, आणि एकाच दिवसाची रोपे एकाच आठवड्यात कापणीला येऊ लागली. बसराईची बाग मागेपुढे निसवत असे, त्यामुळे वादळात काही घड कच्चे, काही कापून झालेले असत. आता सगळी बाग एकदम भरते आणि पडायचीच वेळ आली तर एकदम पडते.

* * *

पडलेल्या बागेत दुसऱ्या दिवशी सकाळी शिरले की पहिल्यांदा जाणवते ती दिशा. सगळी झाडे एकाच बाजूला डोके करून पडलेली असतात. मोडलेल्या खोडातून पाणी झिरपत असते आणि त्या पाण्याचे डाग कपड्यांवर पडले की निघत नाहीत. पुढे गेल्यावर दोन प्रकार दिसतात आणि शेतकरी त्यांचीच मोजदाद करत असतो. काही झाडे कमरेतून मोडलेली असतात. त्यांचा घड गेला, पण कंद जमिनीत शाबूत आहे, बाजूचे पील, म्हणजे कंदाला फुटलेला कोंब, उभे आहे, त्यामुळे त्यावर पुढचे पीक, खोडवा, धरता येईल. काही झाडे कंदासकट उपटून आलेली असतात, मुळांचा गोळा उघडा, त्याला चिकटलेली ओली काळी माती आणि तिच्यात गुंतलेली ठिबकची नळी. तिथे पुढचे पीकही गेले. शेवटी नुकसानीच्या कागदावर दोन्ही झाडांची नोंद एकच होते.

घड जमिनीवर आपटला की फण्या चिरतात, साल काळी पडते. भरलेला असेल तर व्यापारी पडत्या भावात घेतो, किंवा वेफर्सवाले नेतात. अर्धवट भरलेला घड पिकत नाही. तो गुरांपुढे जातो किंवा बांधावर कुजतो. मग शेत मोकळे करण्याचा खर्च. हेक्टरमागे तीन-चार हजार पाणीभरली खोडे तोडायची, ओढायची, बांधाला लावायची. बाग लावायला मजूर लागले त्यापेक्षा काढायला जास्त लागतात. आणि वाचलेल्या झाडांनाही वारा गेल्यावर धोका असतोच. खांब पडले, तारा तुटल्या, वीज गेली की ठिबक बंद. ४४ अंशांच्या उन्हात केळीला चार-सहा दिवस पाणी नाही म्हणजे वादळाने सोडलेले ऊन नेते. म्हणून वादळानंतर महावितरणचा माणूस किती दिवसांत गावात पोचतो, यावर उरलेल्या पिकाचा निकाल लागतो.

आणखी एक माणूस या चित्रात असतो, तो सहसा छायाचित्राच्या चौकटीबाहेर राहतो. सातपुड्यातून उतरलेली पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबे बागांत राहून काम करतात. निंदणी, पील कापणे, खत देणे, कापणी, डोक्यावर घड घेऊन ट्रक भरणे. मोसमात कापणीच्या टोळ्यांची कमाई क्विंटलवर होते. बाग आडवी झाली की त्यांचा मोसम संपला. त्यांच्या झोपडीवरचा पत्रा उडालेला असतो, पण सातबाऱ्यावर नाव नसल्याने पिकाचा पंचनामा त्यांच्यापर्यंत येत नाही. झोपडीचा पंचनामाही बागेपर्यंत सहसा पोचत नाही. कोकणात वाडी पडल्यावर नारळ-सुपारी उतरवणाऱ्या पाडेकऱ्याचे काय झाले, हा प्रश्नही असाच राहून गेला.

* * *

आता पैशाचे. हे थोडे रुक्ष आहे, पण खरे दुखणे इथेच आहे.

निसर्ग वादळानंतर राज्य सरकारने रायगडला १०० कोटी, रत्नागिरीला ७५ कोटी आणि सिंधुदुर्गाला २५ कोटींची तातडीची मदत जाहीर केली. आपत्ती निवारण निधीच्या तेव्हाच्या निकषांत फळबागेला हेक्टरी १८ हजार रुपये बसत होते. कोकणासाठी ते वाढवून ५० हजार केले. वाड्यांत झाडे दाट आणि जमिनीचे तुकडे लहान, त्यामुळे हेक्टरचा हिशेब अन्यायाचा ठरत होता, म्हणून पुढे झाडावर मदत ठरली. नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५०. रक्कम तुटपुंजीच होती. नारळाचे रोप लावून फळ हाती यायला सहा-सात वर्षे जातात. पण झाड मोजायचे हे तत्त्व सरकारने मान्य केले, ही मोठी गोष्ट होती.

खान्देशात झाड मोजले जात नाही. दीड मीटर बाय दीड मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. हेक्टरी १८ हजारांचा हिशेब केला तर झाडामागे चार रुपये होतात. २०२२ मध्ये निकष २२ हजार ५०० वर गेला, म्हणजे पाच रुपये. रोप, खत, ठिबक, मजुरी धरून झाडावर झालेला खर्च शंभराच्या घरात जातो. शिवाय नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तरच हे चार-पाच रुपये. तीसच टक्के पडले, तर काहीच नाही. नारळाइतका काळ केळीला लागत नाही, वर्षात बाग पुन्हा उभी राहते, हे मान्य. मात्र कोकणच्या वाडीवर निसर्गसारखे वादळ एका पिढीत एकदा येते आणि रावेर-यावलच्या कुठल्या ना कुठल्या पट्ट्यावर वारा दर उन्हाळ्यात येतो. दोन्हींची तुलना करून कोणाचे दुःख मोठे ते ठरवण्यात अर्थ नाही. कोकणाला लागू केलेला नियम इथे का नाही, हे मात्र विचारलेच पाहिजे.

विमा आहे, आणि जळगावचा शेतकरी तो मोठ्या संख्येने घेतो. पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजनेत केळीचे विमा संरक्षण अनेक वर्षे हेक्टरी एक लाख ४० हजार होते. झाडामागे साडेएकतीस रुपये. थंडी, उष्णता आणि वेगाचा वारा हे त्यातले धोके. वाऱ्याचा काळ १ मार्च ते ३१ जुलै, आणि मर्यादा ताशी ४० किलोमीटर. बाग पडली की ७२ तासांच्या आत कळवायचे, मग पाहणी. कागदावर ही रचना चांगली आहे. अडचण वारा मोजण्यात आहे. 'महावेध' प्रकल्पात २०१७ पासून राज्यभर दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, महसूल मंडळाला एक. एका मंडळात अनेक गावे असतात आणि वादळाचा पट्टा दोन-चार किलोमीटरचा. केंद्र पट्ट्याबाहेर असेल, तर यंत्रात त्या दिवशी झुळूक नोंदली जाते आणि शेतात हजारो झाडे आडवी पडलेली असतात. शेतकऱ्याला आपल्या डोळ्यांपुढची बाग सिद्ध करावी लागते. २०२० मध्ये विम्याचे निकष बदलले तेव्हा जिल्ह्यात जी ओरड झाली, तिच्या मुळाशी हाच अविश्वास होता. यंत्र काय म्हणते ते शेतात दिसत नाही, आणि शेतात दिसते ते यंत्र म्हणत नाही.

पाहणीला येतात तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक. तिघांच्या हद्दीत कित्येक गावे, आणि वारा एकाच संध्याकाळी दहा गावांतून गेलेला. पंचनामा होईपर्यंत पडलेली झाडे हलवायची नाहीत असे सांगितले जाते, इकडे मृग तोंडावर आलेला असतो आणि पुढच्या लागवडीसाठी शेत मोकळे हवे असते. हा पेच दरवर्षीचा आहे. मोबाइलवरचे, ठिकाण आणि वेळ उमटलेले फोटो ग्राह्य धरले तर तो सुटू शकतो, आणि काही ठिकाणी तसे होतही आहे. ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता हक्क म्हणून मिळायला हवे.

* * *

जगात केळी पिकवणारे कित्येक प्रदेश वादळाच्या वाटेवर आहेत, आणि त्यांनी काही गोष्टी शोधून काढल्या आहेत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर मार्च २००६ मध्ये 'लॅरी' वादळ आले आणि देशाच्या केळी उत्पादनातला ८० टक्क्यांहून अधिक भाग एका दिवसात गेला. केळीचे भाव अनेक पटींनी चढले. पाच वर्षांनी, फेब्रुवारी २०११ मध्ये 'यासी' त्याच भागावर आले. या खेपेस काही बागायतदारांनी वादळ यायच्या आधीच झाडांची पाने छाटून टाकली. घड गमावला, पण वाऱ्याला धरायला काही उरले नाही, झाडे उभी राहिली आणि पुढचे पीक लवकर आले. लॅरीनंतर सगळ्यांच्या बागा एकदम लावल्या गेल्याने वर्षभराने सगळा माल एकदम बाजारात आला होता, तो धडाही त्यांनी घेतला आणि लागवडी मागेपुढे केल्या.

पाने छाटायची युक्ती खान्देशात चालणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या बागायतदाराला दोन-तीन दिवस मिळतात, आपल्याला अर्धा तास. लागवडी मागेपुढे करण्याची युक्ती मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि तिचे नाव खान्देशाला नवीन नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली कांदेबाग मे-जूनच्या वाऱ्यात निसवणीच्या आधी किंवा नुकती निसवलेली असते. डोके हलके असते, घड भरलेला नसतो. तिला थंडी सोसावी लागते, चरका बसतो, पण मृग आणि कांदेबाग दोन्ही थोडी थोडी ठेवणारा शेतकरी एका संध्याकाळी सगळे गमावत नाही.

दुसरे उदाहरण कॅरिबियन बेटांचे. डॉमिनिका, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडा ही चार चिमुकली बेटे केळी निर्यात करत. १९८० च्या दशकात तिथल्या केळी संघटनांनी एकत्र येऊन 'विनक्रॉप' नावाची वाऱ्याच्या विम्याची स्वतःची कंपनी काढली. निर्यात होणाऱ्या केळीच्या वजनावर ठरावीक रक्कम कापली जाई आणि प्रत्येक नोंदणीकृत उत्पादक आपोआप विम्यात येई. अर्ज नाही, शेवटची तारीख नाही. भरपाई पूर्ण नसे, पण पुन्हा रोपे लावण्याइतकी मिळे. खान्देशातली केळी रावेर, सावदा आणि भुसावळच्या परिसरातून ट्रकांनी आणि रेल्वेने उत्तर भारतात जाते, काही बऱ्हाणपूरच्या लिलावात. प्रत्येक क्विंटलचे वजन कुठे तरी लिहिले जाते. त्या वजनावर काही पैसे बाजूला काढून उत्पादकांचा आणि मजुरांचाही वारा-निधी उभा करणे अशक्य नाही. सहकाराची एवढी मोठी परंपरा असलेल्या भागात हा विचार गंभीरपणे झाला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

अर्ध्या तासाची मुदत तरी वाढवता येईल का? येईल. ढगाच्या पोटातला वारा डॉप्लर रडारला दिसतो. पण अशी रडारे मुंबईत, नागपुरात, भोपाळमध्ये आहेत आणि खान्देश या तिन्हींपासून दूर पडतो. रडारचा किरण पृथ्वीच्या गोलाईमुळे अंतराबरोबर वर वर जातो. अडीचशे-तीनशे किलोमीटरवर तो ढगाचे डोके पाहतो, जमिनीजवळचा झोत नव्हे. तापी खोऱ्यावर थेट नजर ठेवणारे रडार असते, तर बाग वाचली नसती, पण बागेत काम करणारा माणूस वाचला असता. अमळनेरच्या त्या झोपडीपुरते बोलायचे तर तेवढेही खूप होते.

* * *

शेतावर करता येण्यासारखे जे आहे ते जळगावच्या केळी संशोधन केंद्राने आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने वर्षानुवर्षे सांगितले आहे. बागेच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूला शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ. निसवलेल्या झाडाला बांबूचा टेकू, किंवा घडाच्या दांड्यापासून समोरच्या झाडाच्या बुंध्याला पॉलिप्रॉपिलीनची पट्टी. झाडांना मातीची भर. वादळाच्या दिवसांत पाण्याचा अतिरेक टाळणे, कारण भिजलेल्या मऊ जमिनीत मुळे धरून राहत नाहीत. यातली शेवरी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त टाळली जाते, कारण ती दोन ओळींची जागा खाते. भर वादळात शेवरीही वाकते. पण ती पहिल्या ओळींवरचा मार सहन करते, आणि बाग पडते तेव्हा बहुधा कडेपासून पडायला लागते, हे कोणत्याही पडलेल्या शेतात बांधावर उभे राहून पाहता येते.

खान्देशात दर सप्टेंबर-ऑक्टोबरात कांदेबागेची लागवड होते. ज्यांच्या शेतात ती होते त्यांना एवढीच विनंती. रोपांबरोबर पश्चिमेच्या बांधाला शेवरीचे बी टाका, आणि सगळे क्षेत्र एकाच आठवड्यात लावू नका. बागेत राहणाऱ्या कुटुंबाची झोपडी जुन्या झाडाखाली असेल, तर मार्चच्या आत ती हलवा. विमा उतरवला असेल तर पावती आणि ७२ तासांची अट घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या. आणि जे मुंबईत बसून निकष ठरवतात त्यांच्याकडे मागणी एकच आहे. श्रीवर्धनला २०२० मध्ये जशी झाडे मोजली, तशी रावेर आणि यावलला मोजा.